पुढच्या मात्रेची खात्री

संध्याकाळी बंगळुरातल्या राजाजीनगरच्या आतल्या क्रॉसवरून चालत निघाले की एखाद्या घरातून मृदंग लावल्याचा आवाज येतो. लावायला एक गुळगुळीत दगड आणि लाकडाचा ठोकळा लागतो. कडेवर जपून एकेक घाव घालायचा, बोटाने आवाज पारखायचा, पुन्हा घाव. डाव्या तोंडाचे काम निराळे. वाटीत रवा भिजवून त्याचा गोळा कातड्याच्या मधोमध थापायचा आणि ओल्या बोटांनी सारखा करत जायचे, हवा तो घुमारा येईपर्यंत. आपल्याकडे पखवाजाला कणीक लावतात, इथे रवा. वाजवून झाले की तो खरवडून काढतात.

आमच्या शेजारी असा एक वर्ग चालतो. शिकवणाऱ्यांना सगळे ‘मेष्ट्रू’ म्हणतात. नव्या मुलांना ते बरेच दिवस मृदंगाला हात लावू देत नाहीत. आधी तळहात आणि तोंड. थाप, करंगळी, अनामिका, मधले बोट. थाप, पालथा हात. थाप, पालथा हात. हा आठ मात्रांचा आदिताल. तो हातात बसला की तोंडात बोल येतात: तीनांचे तकिट, चारांचे तकधिमि, पाचांचे तकतकिट. मग एक दिवस मेष्ट्रू हाताने आठ धरायला लावतात आणि तोंडाने पाचापाचांचे गट म्हणायला सांगतात. हात आणि तोंड लगेच वेगळ्या वाटांनी जातात आणि पाच आवर्तनांनी, चाळिसाव्या मात्रेनंतर, समेवर भेटतात. पाटीवर मांडले तर हे गणित दोन ओळींचे आहे. पण ते हातातोंडाने करणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा चेहरा पाहावा. लक्ष, स्मरण, श्वास, बोटे, सगळे एकाच वेळी कामाला लागलेले असते, आणि सम जवळ येऊ लागली की ती अजून आलेली नसतानाच मुलीच्या डोळ्यांत दिसते.

माझ्या मते तालाचे सगळे बळ या आधीच दिसण्यात आहे. ठोका कानावर पडतो तेव्हा मेंदू त्याच्या आधीच तिथे जाऊन उभा असतो. ही जाण आपण जन्मतःच घेऊन येतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इश्तवान विंकलर आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या नवजात बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला आणि अधूनमधून नेमकी सम गाळली. त्या रिकाम्या जागी बाळांच्या मेंदूलहरी बदलल्या. दोन-तीन दिवसांचे बाळ, त्याला आई नीट दिसतही नसते, आणि समेची मात्र ते वाट पाहत असते.

ही वाट पाहणारी यंत्रणा मेंदूत खोलवर, हालचालींच्या केंद्रांशी जोडलेली आहे. जेसिका ग्राह्न आणि मॅथ्यू ब्रेट यांनी २००७ मध्ये दाखवले की नियमित ठेका नुसता ऐकतानाही बेसल गँग्लिया आणि हालचालींची आखणी करणारा भाग जागा होतो. स्वस्थ बसून गाणे ऐकणाऱ्या माणसाचा पाय आपोआप हलू लागतो, तो यामुळेच. आणि पार्किन्सनमध्ये डोपामिनच्या तुटीने घाव बसतो तो याच बेसल गँग्लियावर.

माझे सासरे बेळगावचे. तिथल्या भजनी मंडळात त्यांनी उभे आयुष्य टाळ वाजवला. पार्किन्सनचे निदान झाल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. सपाट खोलीत बरे चालत, पण दाराशी आले की थांबत. स्वयंपाकघराचा उंबरा जेमतेम बोटभर उंच, पण तिथे पाय जमिनीला चिकटत. एकदा मला म्हणाले, “सूनबाई, पाय उचलायचा म्हणजे काय करायचं, तेच आठवत नाही गं.” पायात ताकद होती, समजही शाबूत होती. पुढचे पाऊल कधी टाकायचे हे आतून सांगणारे कुणी उरले नव्हते.

फिजिओथेरपिस्टने मोठ्याने आकडे मोजत चालायला सांगितले. बाबांनी मोजून पाहिले, पण आकडे त्यांना ओढून नेईनात. “आकड्याला कुठं ठेका असतो?” म्हणाले, आणि एका सकाळी आपणहून ‘ज्ञानबा-तुकाराम’ सुरू केले, दिंडीत म्हणतात त्या चालीवर. उंबऱ्याशी क्षणभर थबकले, पुढचा ‘ज्ञानबा’ आला तसा पाय उचलला गेला. अंधाऱ्या जिन्यात कुणी दिवा लावावा तसे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, इतिहासही आहे. मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांकडून तीन आठवडे तालबद्ध ध्वनिफितीच्या साथीने चालण्याचा सराव करून घेतला. त्यांचा वेग वाढला, पाऊल लांब पडू लागले. आतले घड्याळ चुकत असेल तर कानावाटे आलेला ठोका दुसऱ्या मार्गाने हालचालीला हात देतो, असे संशोधक मानतात. ठेका साधारणपणे रुग्णाच्या स्वतःच्या चालीच्या आसपास किंवा किंचित चढा ठेवतात. इथे बंगळुरात निम्हान्समध्येही संगीत आणि मेंदू यांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. औषधाच्या गोळ्या बाबांना वेळच्या वेळी लागतातच. तालाने आजार जात नाही आणि तसे सांगणाऱ्यांपासून मी त्यांना दूर ठेवते. पण पाऊल अडले की त्या घटकेला धावून येतो तो तालच.

बाबा शेजारच्या वर्गात जाऊन बसू लागले तेव्हा त्यांना तिथले काहीच परके वाटले नाही, आणि त्याला जुने कारण आहे. १६३८ मध्ये बंगळूर आदिलशाहीकडे आले आणि शहाजीराजांना जहागीर मिळाली. त्यांचे पुत्र एकोजी इथूनच तंजावरला गेले आणि तिथे मराठी राजवट उभी राहिली. मागोमाग आपले कीर्तनकार गेले. साकी, दिंडी, ओवी, अभंग तमिळ हरिकथेत मुरले. मृदंगाची तंजावर परंपरा ज्यांच्यापासून सांगतात ते एकोणिसाव्या शतकातले नारायणस्वामी अप्पा मराठीच होते. राजाजीनगरच्या गच्चीखालच्या खोलीत कन्नड मुले जे वाजवतात, त्यात कुठेतरी दिंडीची पावले आहेत असे मला मनापासून वाटते.

एकट्याने वाजवण्यापेक्षा जमून वाजवण्यात आणखी काही आहे. लंडनमध्ये डेझी फॅन्कोर्ट आणि सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्या लोकांना दहा आठवडे एकत्र ड्रम वाजवायला बसवले होते. २०१६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: नैराश्य आणि चिंता दोन्ही कमी झाल्या होत्या. मला याचे नवल वाटले नाही. कॉर्ड रोडवरच्या इस्कॉन मंदिरात कीर्तन रंगले की अनोळखी माणसांचे हात एका क्षणी खाली येतात. रामनवमीच्या मंडपात पानक पिऊन बसलेले आजोबा मांडीवर ताल धरतात, शेजारच्याकडे न पाहता त्याच्याशी एक होऊन. म्हातारपणी माणसाला कुणी विचारत नाही ही तक्रार मी फार घरांतून ऐकते. तालात बसलेल्याला मात्र प्रत्येक आवर्तनात त्याचा वाटा असतो, आणि त्याने तो चुकवला तर सगळ्यांना कळते.

गणपतीच्या मिरवणुकीतल्या दणदणाटाला मी यात धरत नाही. छातीत धडकी भरवणारा, कानाचे कायमचे नुकसान करणारा तो मारा लहान मुलांवर आणि म्हाताऱ्यांवर होताना पाहून जीव तुटतो. मेंदूला ठोका कळायला मांडीवरची थाप पुरते.

मेष्ट्रूंनी शनिवारची सकाळ आता वयस्कांसाठी राखली आहे. पाच-सहाजण येतात. अर्धांगवायूतून उठलेल्या एक अज्जी डाव्या हाताने थाप आणि उजव्या हाताने बोटे मोजतात, कारण डाव्याची बोटे अजून सुटी होत नाहीत. कुणी घाई केली की त्या “निधान, निधान” म्हणून सगळ्यांना सावकाशीवर आणतात. बाबा टाळ घेऊन बसतात. गेल्या शनिवारी सात मात्रांचा मिश्र चापू शिकवला, तेव्हा ते घरी येऊन विचारात पडले. दोन पायांनी सात चालायचे कसे? सम एकदा उजव्या पायावर येणार, एकदा डाव्यावर. मी बजावले, जे करायचे ते खुर्चीत बसून करा. बसल्या बसल्या पाय आपटत त्यांनी हिशेब पुरा केला आणि वर्गातल्या मुलांना गॅलरीतून हाक मारून सांगितले: चौदा पावलं गेली की सम परत उजव्यावर येते.