बारा कोसांवरील परदेश

हल्लीं आमच्या ओळखींतील दर दुसऱ्या घरचें एक तरी मूल अमेरिकेंत किंवा जर्मनींत असतें, आणि त्यामुळें आईबापांसहि उतारवयांत परदेशप्रवास घडतो. परत आलेले लोक तेथील रस्ते, थंडी व भाजीचे भाव सांगतात; परंतु अनोळखी माणसांनीं केलेला पाहुणचार सांगूं लागले म्हणजे त्यांचा आवाज बदलतो. आम्हांसहि म्यूनिक शहरांत भर पावसांत एका बाईनें आपली छत्री दिली व परत न मागतां ती चालती झाली. ही हकीकत आम्हीं आजवर किती जणांस ऐकविली, याची गणती आमच्या सौभाग्यवती ठेवतात.

मात्र आमच्या घराण्यांतील पहिला परदेशप्रवास आमचा नव्हे. तो आजोबांनीं केला, पासपोर्टावांचून, बार्शीहून अवघ्या बारा कोसांवर, तेरखेड्यास. ती हकीकत आमच्या घरीं नेहमीं अर्धीच सांगत.

तरुण वाचकांस बारा कोसांवर परदेश कसा, असें वाटेल. १९४७ पर्यंत बार्शी इंग्रजी अमलाखालील सोलापूर जिल्ह्यांत होती, आणि तिच्या पूर्वेचा उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडे. आमच्याकडे त्या मुलखास सरसकट ‘मोगलाई’ म्हणत. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका. तेथें गांठोडीं सोडून दाखवावीं लागत. पलीकडे कचेरीची भाषा उर्दू, नाणें हाली शिक्क्याचें. इकडच्या सहा कलदार रुपयांस तिकडचे सात हाली. बोली मात्र दोहींकडे तीच, भाकरी ज्वारीचीच, आणि चैत्रांत येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेस चुनखडी वेचावयास इकडचेहि लोक जात. परदेश होता तो सरकारी कागदावर आणि, खरें सांगावयाचें तर, आमच्यासारख्यांच्या मनांत.

आजोबा बार्शीच्या एका अडत दुकानांत कारकून होते. १९३६ च्या आषाढांत उधारीच्या वसुलीसाठीं ते बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी गाडीनें येडशीस उतरले. पुढें बैलगाडी. येरमाळा मागें पडतां पडतां त्यांस हुडहुडी भरली, आणि तेरखेडें येईपर्यंत शुद्ध राहिली नाहीं. गाडीवानानें पहिलें उघडें दार दिसलें तेथें त्यांस उतरविलें. तें घर एका कुणब्याचें होतें.

आजोबा तेथें अकरा दिवस होते. आमच्या घरचें सोवळें कडक. शुद्धीवर येतांच त्यांनीं तुमचें शिजलेलें अन्न चालणार नाहीं म्हणून सांगितलें. ज्यांनीं जीव वांचविला त्यांस हें ऐकून काय वाटलें असेल, याचा विचार आमच्याकडे फार उशिरां झाला. पण त्या शेतकऱ्यानें राग मानला नाहीं. ओसरीचा एक कोपरा सारवून घेतला, कुंभाराकडून कोरीं मडकीं आणविलीं, आणि कोठून तरी तांदूळ पैदा करून शिधा मांडला. आजोबांस चुलीशीं बसवेना, तेव्हां तीन दिवस त्याची बायको आजोबांच्याच तांब्यांत, त्यांच्या डोळ्यांदेखत, गाईची धार काढून देई. निघतांना आजोबांनीं पुढें केलेले पांच कलदार त्यानें घेतले नाहींत. येथवरचा भाग आमच्या घरीं मोठ्या कौतुकानें सांगत.

न सांगितला जाणारा भाग १९४८ चा. रझाकारांच्या धामधुमींत सरहद्दीकडील गांवांतून कित्येक कुटुंबें बार्शीकडे आलीं. वैशाखांत एके रात्रीं तो शेतकरी बायकामुलांसह, एकंदर सात माणसें, आमच्या दारीं उभा राहिला. आजोबांनीं त्यांस ठेवून घेतलें हें खरें. परंतु ठेविलें तें परसांतल्या गोठ्यांत, गुरें बाहेर बांधून. भांडीं निराळीं. आडाच्या दोरास त्यांनीं हात लावावयाचा नाहीं. आजी स्वतः पाणी शेंदून वरून त्यांच्या घागरींत ओती. असे चार महिने गेले. १३ सप्टेंबरास भारतीय फौजा संस्थानांत शिरल्या, १७ तारखेस निजामानें शस्त्रें खालीं ठेविलीं, आणि तीं माणसें आपल्या घरीं परतलीं. वडिलांनीं आम्हांस हें सांगितलें तें अगदीं शेवटच्या दुखण्यांत. “एकदां जाऊन ये,” एवढेंच पुढें म्हणाले. जावयास आम्हांस नऊ वर्षें लागलीं. त्या अवधींत म्यूनिक दोनदां झालें.

गेल्या पौषांत आम्ही उभयतां निघालों. करोडगिरीचा नाका कोठें होता हें आम्हांस कोणास सांगतां येईना. सोलापूर-धुळें हमरस्ता तेरखेड्यावरूनच जातो, आणि कडेच्या पाट्या पाहतांच गांवाचा धंदा कळतो. मराठवाड्यांत तेरखेडा म्हटलें कीं फटाके. जमीन कोरडवाहू, पाऊस बेभरंवशाचा. तेव्हां शेतीस जोड म्हणून कित्येक घरांतलीं माणसें फटाक्यांच्या कामावर जातात. काम जोखमीचें. स्फोटांत माणसें दगावल्याच्या बातम्या आपण वाचतों आणि पान उलटतों.

आमच्यापाशीं केवळ एक आडनांव होतें. चहाच्या हॉटेलांत विचारलें, तर मालकानें गल्ल्यावर पोराला बसविलें आणि तो स्वतःच पुढें चालूं लागला. वाटेंत आणखी दोघे सामील झाले. पहिल्या तीन घरीं ‘ते आम्ही नव्हे’ असें ठरावयाच्या आंतच चहा आला. सौ.ना मधुमेह आहे. तिन्ही कप शेवटीं आमच्याच वांट्यास आले.

चौथ्या घरीं ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलीत बसली होती. बार्शी, आणि आजोबांचें नांव, एवढें ऐकतांच तिनें सूप बाजूस ठेविलें. ती त्या शेतकऱ्याची धाकटी लेक. नवऱ्यामागें माहेरींच राहिलेली. बार्शीस आली तेव्हां सात वर्षांची होती. तिनें भावाच्या नातवास शेतावर पिटाळलें, सुनेस चूल पेटवावयास लाविलें, आणि आम्हीं ‘नको’ म्हटलें तें कोणाच्या कानांवर गेलेंच नाहीं. हुरडा आला, तिळाची चटणी आली, मागून पिठलें-भाकरी. जेवतांना ती सहज म्हणाली, “तुमचं आजोबा हितं जेवलं न्हाईत. आई लई दिस बोलायची.” आम्हीं आणखी एक भाकरी मागून घेतली.

गोठ्याची गोष्ट काढावी कीं काढूं नये, हें येतांना गाडींत ठरलें नव्हतें. शेवटीं सौ.नींच धीर केला. “आमच्या लोकांनीं तुम्हांला गोठ्यांत ठेवलं, आडाला हात लावूं दिला नाहीं...” पुढें त्यांस बोलवेना.

“ठावं हाय की,” म्हातारी म्हणाली. “आई रातच्याला रडायची. पर सात माणसांचं पानी ती बाई एकली शेंदायची, चार म्हयनं. हातावर फोड आलं व्हतं तिच्या. एकदा म्या लोणी लावलं, तर म्हनली, लाव, पर कुनाला सांगू नगंस.”

आम्ही दोघेहि गप्प बसलों. आजीनें त्या मुलीकडून हातास लोणी लावून घेतलें, हें आमच्या घरांत कोणासहि ठाऊक नव्हतें. वडिलांसहि नसावें.

“आड हाय का अजून?” तिनें विचारलें.

“बुजविला. तेथें आतां मोटारी उभ्या राहतात.”

“बरं पानी व्हतं,” ती म्हणाली, आणि उठून सौ.ची ओटी भरावयास आंत गेली. ओटींत खण आणि ज्वारी. पोरानें फुलबाज्यांचा एक डबा आणून ठेविला. त्याच्या हातीं आम्हीं पांचशेंची नोट ठेवूं लागलों, तर म्हातारीनें ती काढून घेऊन सौ.च्या पिशवींत परत घातली. यात्रेला या, आणि मुक्कामालाच या, असें तिनें दोनदां बजाविलें.

गाडी येरमाळ्याशीं आली तेव्हां सौ.नीं विचारलें, यंदा चैत्री पौर्णिमा कोणत्या वारीं येते. आमच्यापाशीं पंचांग नव्हतें.