आय-सेव्हनचा दरारा आणि आईचा रिमोट : होम थिएटरसाठी छोटा संगणक निवडताना

बाजाराची एक जुनी रीत आहे. गिऱ्हाइकाला प्रश्न विचारू द्यायचा नाही, आकडा सांगून गप्प करायचं. 'आय-सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम आहे, अजून काय पाहिजे?' घरच्या टीव्हीला जोडायला छोटा संगणक घ्यावा म्हणून आम्ही तिघं भावंडं फिरलो, तेव्हा दुकानागणिक हेच ऐकलं. आय-सेव्हन खरा, पण कितव्या पिढीचा? या एका प्रश्नावर बहुतेक ठिकाणी विषय बदलला जायचा.

होम थिएटर म्हटलं की बंगल्यातली काळ्या भिंतींची खोली डोळ्यांसमोर येते. आमचं थिएटर म्हणजे दहा बाय बाराची खोली, ४३ इंची फोर-के टीव्ही, जुना ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. रविवारी शेजारची पोरंही येऊन बसतात. म्हणून आधी कागदावर गरज लिहिली. एक, आईच्या कपाटातल्या व्हीसीडी आणि डीव्हीडी : भीमगीतांचे कार्यक्रम, नात्यातली लग्नं, वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुका. दोन, मोबाईलवर काढलेले व्हिडिओ आणि यूट्यूबवरची व्याख्यानं. तीन, अधूनमधून ओटीटीवरचा एखादा सिनेमा. आणि चौथी अट, हे सगळं आईला आमच्याशिवाय लावता आलं पाहिजे.

आता आकड्यांची चिकित्सा करू. व्हिडिओ फाइलमध्ये दाबून बसवलेला असतो आणि तो उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये वेगळी यंत्रणा असते. दाबण्याच्या पद्धती अनेक आहेत : एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१. आजचे बरेच मोबाईल फोर-के व्हिडिओ एचईव्हीसीत साठवतात. यूट्यूब व्हीपी९ आणि एव्ही१ वापरतं. २०१३ साली आलेल्या चौथ्या पिढीच्या आय-सेव्हनमध्ये एचईव्हीसी उलगडणारी पूर्ण यंत्रणाच नाही. सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, पंखा गुरगुरतो, चित्र अडखळतं. सातव्या पिढीचा साधा आय-थ्री एचईव्हीसी आणि व्हीपी९ आरामात पेलतो. एव्ही१ची सोय इंटेलने अकराव्या पिढीपासून दिली. आणि २०२३ साली आलेला एन१०० हा चार कोअरचा, सहा वॅटचा, स्वस्तातल्या मिनी पीसीत बसणारा प्रोसेसर या चारही पद्धती जाणतो. म्हणजे या कामापुरता तथाकथित कनिष्ठ एन१०० त्या जुन्या आय-सेव्हनपेक्षा सरस आहे. नावावरून योग्यता ठरवायची सवय आपल्या समाजाला नवी नाही. ती संगणकाच्या दुकानातही सोबत नेऊ नये.

विजेचा हिशोबही मांडला पाहिजे. रोज पाच तास चालणारं १० वॅटचं यंत्र वर्षाला सुमारे १८ युनिट खातं, तर ६० वॅटचं सुमारे ११० युनिट. दुकानात स्वस्त पडलेला जुना मोठा डबा दर महिन्याच्या बिलात थोडी थोडी किंमत वसूल करत राहतो.

रास्पबेरी पायचा विचारही आम्ही केला. लहानसं, कमी विजेचं, आणि टीव्हीच्याच रिमोटवर चालण्याची सोय असलेलं यंत्र. पण पाय ५ मध्ये फक्त एचईव्हीसीसाठी स्वतंत्र यंत्रणा आहे, बाकीचं काम मुख्य प्रोसेसरला करावं लागतं. शिवाय त्यातून हेडफोनचं भोकच काढून टाकलं आहे, मग आमचा जुना ॲम्प्लिफायर थेट जोडायचा कुठे? वरून केस, पॉवर सप्लाय, मेमरी कार्ड वेगळं घ्यायचं. हौशी माणसाला ते उत्तम, आमच्या यादीत मात्र बसलं नाही.

आणि स्ट्रीमिंग स्टिक? ज्यांना फक्त ओटीटी बघायचं आहे त्यांनी खुशाल स्टिक घ्यावी, संगणकावर पैसे घालवू नयेत. बहुतेक मोठ्या ओटीटी सेवा लिनक्सवरच्या ब्राउझरला पूर्ण फोर-के चित्र देतच नाहीत, मान्यताप्राप्त स्टिकला देतात. पण स्टिकमध्ये जागा तुटपुंजी, आणि पहिल्या पडद्यावर काय दिसणार हे कंपनी ठरवते.

काही मित्र म्हणतात, 'आता सगळं यूट्यूबवर आहे, साठवायचं कशाला?' त्यांना आमचा सवाल आहे : तुमच्या वस्तीची वीस वर्षांपूर्वीची मिरवणूक यूट्यूबवर आहे का? आणि आज असलेली चीज उद्या काढून टाकली, तर दाद कुणाकडे मागणार? आईकडच्या काही व्हीसीडींची दुसरी प्रत कुठेही नाही. त्यात आता हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत. मोठ्या संग्रहालयात आपली मिरवणूक कुणी जपून ठेवलेली नाही. ती आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली जपलेली आहे.

म्हणून आम्ही आठ जीबी रॅमचा एन१०० मिनी पीसी घेतला. एचडीएमआय २.० आहे याची आधी खात्री केली, कारण १.४ असेल तर फोर-के चित्र सेकंदाला फार तर तीस फ्रेमचं मिळतं. लिनक्स आणि कोडी, दोन्ही मोफत. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह जोडला. एक व्हीसीडी जेमतेम सातशे-आठशे एमबीची. एक टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा हजाराहून अधिक मावतात. टीव्हीच्या रिमोटवर चालण्याची सोय बहुतेक मिनी पीसींत नसते, म्हणून यूएसबी रिसीव्हरचा वेगळा छोटा रिमोट आणला. त्यातली पाचच बटणं आईला लागतात. दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला न विचारता मावशीच्या लग्नाची व्हीसीडी लावली होती. आमच्या लेखी संगणक त्या दिवशी पास झाला. घरात एकालाच चालवता येणारं यंत्र घराचं नसतं, त्या एकाची मक्तेदारी असते.

तेव्हा मित्रहो, दुकानात जाण्याआधी गरज कागदावर लिहा. प्रोसेसरची पिढी विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. प्रत एकाच डिस्कवर ठेवू नका. दुसरी डिस्क दुसऱ्या घरात, नातेवाइकाकडे ठेवा. आणि संगणक यायला वेळ लागणार असेल, तर ज्याच्याकडे जुना लॅपटॉप आहे त्याला आजच गाठा. व्हीसीडीवर बुरशी चढते, चरे पडतात, वरचा थर सुटतो, मग कितीही महागडं यंत्र आणलं तरी तो आवाज परत मिळत नाही.