स्लॅबचा माल: गोणीचा की गाडीचा?

घराला काँक्रीट एकदाच लागत नाही. पायाच्या फुटिंगपासून गच्चीवरच्या टाकीच्या कट्ट्यापर्यंत ते हप्त्याहप्त्याने लागते आणि दर हप्त्याचे माप वेगळे असते. गोण्या फोडून जागेवर माल कालवायचा की प्लँटमधून तयार माल, म्हणजे आरएमसी, मागवायचा, हे आधी त्या मापावर ठरते. भावाची चर्चा त्यानंतरची.

फुटिंग आणि कॉलमला माल थोडा लागतो, तोही थांबत थांबत. गजांच्या जाळीत तो सावकाश ठासावा लागतो. इथे गोणीच बरी. एम२० प्रतीसाठी सिमेंट, वाळू, खडीचे प्रमाण १:१.५:३. ५० किलोच्या गोणीतले सिमेंट ३५ लिटर भरते. तेवढ्याच मापाचा फरमा करून दीड फरमा वाळू आणि तीन फरमे खडी घ्यायची. पाणी गोणीमागे ३० लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. प्रत्यक्षात फरमा कोपऱ्यात पडून राहतो आणि मोजणी घमेल्यांनी होते. ओली वाळू फुगते, त्यामुळे घमेले शिगोशीग दिसले तरी वाळू कमीच पडते. दुपार कलली की दमलेला हात पाणीही सढळ सोडतो, कारण पातळ माल ओढायला हलका जातो. एवढ्यानेच ताकद उतरते.

स्लॅबचे गणित निराळे. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे जवळपास १२ घनमीटर माल, बीम वेगळे. घनमीटरला ८ गोण्या धरल्या तर ९५ च्या आसपास गोण्या, आणि एका गोणीच्या मिक्सरवर तितक्याच खेपा. सकाळी मिक्सरपुढे नारळ फुटतो, शेवटचे घमेले दिवेलागणीला वर जाते. मध्येच मिक्सर बंद पडला किंवा सर आली, तर आधीची कड आवळते, नवा माल तिला नीट धरत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात सांधा गळतो. ६ घनमीटरच्या दोन गाड्या आणि पंप असला की हेच काम काही तासांत उरकते. शिवाय प्लँटमध्ये सगळे वजनाने मोजलेले असते. एवढ्या स्लॅबला गाडीच मागवावी.

मात्र गाडी सगळीकडे पोचत नाही. भरलेली गाडी २५ टनांच्या घरात जाते. गल्लीचे वळण आणि गटारावरची फरशी आधी पाहावी लागते. पाणी मिसळल्यापासून २ तासांत माल उतरावा, असा दंडक आहे. प्लँट लांब असलेल्या गावात म्हणूनच आजही लिफ्ट-मिक्सरची टोळीच येते. आणि सेंटरिंग अपुरे असल्याने गाडी ताटकळली, की कोणीतरी ड्रायव्हरला ‘जरा पाणी सोड’ म्हणतोच. प्लँटमधली सारी मोजणी त्या एका वाक्यात वाया जाते.

घर उभे राहिल्यावर ओटा, पायरी, कट्टा अशी किरकोळ कामे निघतात. अर्ध्या घनमीटरसाठी गाडी मागवणे परवडत नाही, तेव्हा पुन्हा गोणी. फक्त स्लॅबच्या वेळची उरलेली वापरू नये. तीन महिन्यांत सिमेंटचा जोर बराच ओसरतो.

मालाची ताकद पाहण्यासाठी आयएस ४५६ या मानकाप्रमाणे ६ ते १५ घनमीटर कामाला दोन नमुने घ्यायचे, प्रत्येकी तीन क्यूबचे, आणि ते २८ दिवसांनी तपासायचे. माल गोणीचा असो की गाडीचा, क्यूबचे साचे आदल्या दिवशीच मागवून ठेवावेत.