अंगणातला दिवा

विज्ञानाने अंतर जिंकले, असे आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. ते वाक्य निबंधात लिहून मी गुणही मिळवले आहेत. पण ते स्वतः पडताळून पाहण्याची संधी मला २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मिळाली.

वाईजवळच्या आमच्या गावी आजी एकटीच राहते. घर जुने, मातीच्या भिंतींचे. अंगणातल्या दिव्याचे बटण पडवीच्या टोकाला. तेथे जायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात. त्याच पायऱ्यांवर पावसाळ्यात आजी घसरली होती. तेव्हा मी ठरवले, की यापुढे हा दिवा पुण्याहून मीच लावायचा!

त्यासाठी लागणारी वस्तू काडेपेटीएवढी. ती बटणामागे बोर्डात बसते, घरातल्या वाय-फायला जोडली जाते आणि मोबाइलवरून हुकूम आला की आतला रिले वीज जोडतो वा तोडतो. इतके सोपे! पण वायरमनकाकांनी बोर्ड उघडला आणि मान हलवली. जुन्या पद्धतीप्रमाणे बटणापर्यंत फक्त फेज आली होती. न्यूट्रल वरच्या वर दिव्याकडे गेली होती. दिवा बंद असला तरी या वस्तूला स्वतः जागे राहायला थोडी वीज लागते, म्हणून न्यूट्रल हवीच. काकांनी होल्डरपासून नवी तार ओढली. मग वाय-फाय आडवे आले. माझा मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर होता आणि त्या वस्तूला फक्त २.४ कळत होते. त्यात माजघराची दीड हात जाडीची भिंत! शेवटी राउटर पडवीकडच्या खिडकीत आणून ठेवला, तेव्हा कुठे जोडणी झाली. काकांनी एक मात्र चांगले केले. जुने बटण काढले नाही. ते हाताने दाबले तरी दिवा लागावा आणि मोबाइलवर तसे दिसावे, अशी सोय ठेवली.

सुट्टी संपली. पहिल्याच संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर मी मोबाइलवर बोट टेकवले. माझा हुकूम कोठल्याशा दूरच्या सर्व्हरवर जाऊन आमच्या पडवीत पोहोचला आणि सुमारे ९० किलोमीटरवरचा दिवा लागला! मित्रांसमोर मी बरीच फुशारकी मारली.

पण चार-पाच दिवसांनी निराळेच घडू लागले. सव्वासहाला मी मोबाइल उघडावा, तर दिवा आधीच लागलेला. रोजच! म्हणजे आजी पायऱ्या उतरतच होती. मी फोनवर रागावलो, "अगं आजी, मग एवढा खर्च केला कशासाठी?"

ती शांतपणे म्हणाली, "आरं, तू तिकडनं दिवा लावलास, तर मी हाय का न्हाय, हे तुला कसं कळायचं?"

मला उत्तर सुचले नाही. दिवा लावणे म्हणजे आजीचे एक काम कमी करणे, एवढाच माझा हिशेब होता. तिने त्या दिव्याचे पत्र केले होते. रोज एकच ओळ असलेले.

पुढे जानेवारीत एके दिवशी साडेसहा वाजले, पावणेसात झाले, तरी दिवा लागला नाही. मोबाइलवर 'ऑफलाइन' एवढाच शब्द. आजीचा फोन लागेना. माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या काकूंना फोन केला. त्या हसल्या. "अरे, दुपारपासून गावात लाइट नाही. तुझी आजी ही काय, पायरीवर बसलीय कंदील घेऊन."

वीज नाही, म्हणजे राउटरही बंद, हे एवढे शिकलेल्या मला सुचले नव्हते. दिवा लागलेला होता. फक्त माझ्या मोबाइलला तो दिसत नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेलो आणि त्या दोन पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून घेतला. आता सव्वासहाला मी मोबाइल उघडतो, पण बोट टेकवत नाही. नुसता पाहतो.