सावट

'सावट' हा शब्द आपण आता वर्तमानपत्रांना देऊन टाकला आहे. दुष्काळाचे सावट, मंदीचे सावट. यावल तालुक्यातील आमच्या बांधावर तो अजून साध्या अर्थाने नांदतो : पिकावर पडणारी झाडाची सावली. शेजारचे नाना तो उच्चारीत, तेव्हा त्यात रूपक नसे.

वडिलांनी 1986 साली पश्चिमेच्या बांधावर निलगिरीची चाळीस रोपे लावली. सामाजिक वनीकरणाच्या त्या दिवसांत ही रोपे सहज मिळत. केळीला वाऱ्याचे भय मोठे. पाने फाटतात ते चालते. पण मे-जूनच्या वादळात घडाने जड झालेले खोड एका झोतात आडवे होते. झाडे वाढली, केळी वाचली. वडील गेल्यावर कोणी त्यांना हात लावला नाही, आणि ती साठ फुटांवर गेली.

नानांचे शेत बांधाच्या पलीकडे, पश्चिमेला. वारा तिकडून येतो; म्हणून आडोसा जवळजवळ सगळा आमच्या वाट्याला, आणि सकाळची सावली व मुळे त्यांच्या. कपाशीच्या पहिल्या सहा ओळी गुडघ्याच्या वर जात नसत. "तुझ्या वडिलांची झाडं, म्हणून इतकी वर्षं बोललो नाही," असे ते एकदा मला म्हणाले. मी पुण्यात कविता शिकवतो. वृक्षतोडीविषयीची माझी मते मी वर्गात फार सहजपणे मांडत आलो आहे. नानांच्या त्या वाक्यापुढे ती उपयोगी पडली नाहीत.

नाना म्हणत, झाडे मुळासकट काढा. मी म्हणत होतो, राहू द्या. धाकट्या भावाने दोघांचे ऐकून घेतले आणि दोरी आणून शेताची रुंदी मोजली : तीनशे फूट. झाडांची रांग आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगला आडोसा देते, असा त्याचा हिशेब. म्हणजे तीस फूट पुरे. वरचे तीस फूट वडिलांची आठवण म्हणून उभे होते. शेतीला त्यांचा उपयोग नव्हता. (हे तो बोलला नाही. मला ते ऐकू आले.) शिवाय उंच होताना झाडांनी खालच्या फांद्या टाकून दिल्या होत्या. वारा त्या मोकळ्या बुंध्यांमधून, दारातून शिरावा तसा, अधिकच जोराने केळीत घुसत होता. ज्या उंचीचा मला अभिमान होता, तिच्या पायथ्याशी भिंतच उरली नव्हती.

गेल्या फेब्रुवारीत, घड उतरल्यावर, छाटणी झाली. माणूस वर चढे, शेंड्याला दोर बांधी, खालचे दोघे तो आमच्या रिकाम्या वावराकडे ओढून धरीत, मग करवत चाले. काप तिरका, पाणी साचू नये म्हणून. तीन दिवस निलगिरीचा उग्र वास हाताला होता. नंतर नानांच्या बाजूने मुळे तोडणारा चर खणला. माथ्याचा भार उतरण्यापूर्वी तो खणला असता तर झाडेच कोसळली असती. बुंध्यांच्या पुढे शेवरीची दाट ओळ लावली.

ती मुंडकी उडवलेली रांग मला पाहवली नाही, हे कबूल केले पाहिजे. नाना मात्र तिच्याकडे पाहत बराच वेळ बांधावर बसले होते. "इथं सकाळी आठला ऊन आलं," एवढेच म्हणाले.

पावसाळ्यानंतर प्रत्येक खुंटाला फुटव्यांचा झुबका आला. ते वरवरच्या लाकडाला चिकटलेले असतात. विरळ केले नाहीत तर वादळात तेच आधी मोडून केळीवर पडतात. भावाचा फोन आला : "दादा, एका झाडाला दोनच ठेवायचे आहेत. कोणते ठेवायचे, ते तू येऊन सांग."