चावीच्या पोटातली भेग

आमच्या गाडीचा रिमोट एकदाचा बंद पडला असता तर बरं झालं असतं. पूर्ण बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं सोपं. हा कधी चालायचा, कधी नाही. सकाळी काटेवाडीत अंगणात एका दाबात दारं उघडायची आणि दुपारी बारामतीच्या भिगवण चौकात तीच चावी कितीही दाबली तरी गाडी ढिम्म. मग घरातल्या प्रत्येकानं आपापला तोडगा काढला. मुलगा चावी मांडीवर आपटायचा. सूनबाई बटण दाबताना ती जरा पिळून धरायच्या. बायकोनं तर रिमोटचा नादच सोडला होता. ती दाराला पातं लावायची आणि पातं लावूनच उघडायची. "अहो, चावी म्हणजे चावी. फिरवायची आणि आत बसायचं," हे तिचं म्हणणं, आणि ते खोडून काढण्यासारखंही नव्हतं.

माझी उभी नोकरी बारामती एमआयडीसीत मेंटेनन्सला गेली. "साहेब, कधी चालतंय, कधी नाही," ही तक्रार तिथं रोजची. आपण टेस्टर घेऊन पोचलो की मशीन शहाण्यासारखं चालणार, पाठ वळली की पुन्हा बंद. असल्या बिघाडात शक्यतो काही जळलेलं नसतं. कुठंतरी काहीतरी सुटलेलं असतं. पण गावात हे ऐकून घेतो कोण? ज्याला त्याला एकच औषध ठाऊक: सेल बदला.

बदलला. बटणाच्या आकाराचा चपटा लिथियम सेल असतो तो, सीआर 2032. माप नावातच आहे: 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड. दुकानात 2032 संपले की काही जण बिनदिक्कत 2025 पुढं करतात, "एकच आहे ओ काका." दोन्ही तीन व्होल्टचेच, पण 2025 अडीच मिलिमीटर जाडीचा. तो बसतो, पण टेकतोच असं नाही. लहान मुलांनी गिळू नये म्हणून हल्ली काही सेलवर कडू लेप देतात. तोही कधी कधी पट्टी आणि सेलच्या मध्ये येतो आणि नवाकोरा सेल मेल्यासारखा वागतो. आम्ही योग्य मापाचा, बिनलेपाचा सेल आणला. काही दिवस रिमोट झकास चालला, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्या काही दिवसांनी सगळ्यांची दिशाभूल केली. सेल बदलल्यावर बरं वाटलं, म्हणजे दोष सेलचाच आणि नवा सेलही खराब निघाला, असं घरात ठरलं. प्रत्यक्षात सेल काढताना-बसवताना आतल्या पट्टीला हात लागला होता, ती जरा हलली होती. गुण त्याचा होता. हे मला कळलं पालखीच्या दिवसानंतर.

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून काटेवाडीत येते तो दिवस आमच्या गावाचा सण. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, दुपारी मेंढ्यांचं गोल रिंगण होतं आणि मग पालखी भवानीनगरवरून सणसरच्या मुक्कामाकडं निघते. रस्ता बंद व्हायच्या आत मी पाहुण्यांना घेऊन आलो होतो. गाडी लावली ती नेमकी रिंगणासाठी आणलेल्या मेंढरांपासून हाकेच्या अंतरावर. रिमोटनं लॉकही झाली, एका दाबात. थोड्या वेळानं पाहुण्या आलेल्या मावशींची औषधाची पिशवी काढायला गेलो, तर उघडेना. आभाळ भरलेलं, खिशातला रुमालसुद्धा ओला. मी पातं बाहेर काढलं आणि दाराचं कुलूप उघडलं.

रिमोटनं बंद केलेली गाडी पात्यानं उघडली की अनेक गाड्यांना तो चोर वाटतो. आमचीला वाटला. हॉर्न बोंबलायला लागला, चारी दिवे लुकलुकायला लागले. मेंढरांनी एकदम माना वर केल्या आणि कळपाच्या अलीकडच्या कडेनं मागं ढकलाढकली सुरू केली. काठी आडवी धरून उभा असलेला एक म्हातारा मेंढका माझ्यावर खेकसला, "तात्या, आदी त्या गाडीला गप करा! मेंढरं उधळली तर रिंगण कुणाचं करायचं?"

मी आत बसलो, तीच चावी इग्निशनमध्ये घालून फिरवली. गाडी क्षणात गप्प.

गर्दीत माझी शोभा झाली खरी, पण निम्मं निदान तिथंच झालं. लोकांना वाटतं चावीत एकच यंत्र असतं. असतात दोन, आणि दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. एक रिमोट. तो सेलवर चालतो आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत 433.92 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीवर दारांना निरोप धाडतो. दुसरी इमोबिलायझरची चिप. तिला सेल लागतच नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला पुरेशी वीज मिळते, ती आपली ओळख सांगते आणि मग गाडी सुरू होते. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना हा इमोबिलायझर सक्तीचा झाला आणि तिथून तो जगभर पसरला. ज्यांची गाडी बटणावर सुरू होते त्यांनाही हे कामाचं आहे: सेल पार संपला तरी चावी स्टार्टच्या बटणाला, किंवा कंपनीनं पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, टेकवून धरली की गाडी सुरू होते. भररस्त्यात घाबरून टोइंग बोलावणारे लोक मी पाहिलेत.

तर आमची गाडी गप्प बसली याचा अर्थ चिप शाबूत होती. घरी येऊन कपाटातली दुसरी चावी काढली. तिच्यावर दारं पहिल्या दाबात उघडली. म्हणजे गाडीतला रिसीव्हरही ठणठणीत, दारांच्या मोटरीही. दोष याच चावीच्या रिमोटमध्ये. त्यातही लॉक आणि अनलॉक ही दोन्ही बटणं एकदमच बंद पडत होती. एकच बटण मेलं असतं तर त्या बटणाखालचा स्विच गेला म्हटलं असतं. दोन्ही एकदम जातात तेव्हा दोघांना जे सामायिक आहे तिकडं बघायचं. चावीवरचा बारीक लाल दिवाही त्या वेळी लागत नव्हता. दिवा लागूनही गाडी दाद देत नसती तर मी म्हटलं असतं, चावी पडल्यानं आतला क्रिस्टल फुटला. दिवाच नाही म्हणजे वीजच पोचत नाही.

शेजारचा एक कॉलेजचा पोरगा हुशारीनं मोबाईलचा कॅमेरा चावीसमोर धरून म्हणाला, "काका, यात उजेडच दिसत नाही, रिमोट मेलाय." टीव्हीच्या रिमोटला ही युक्ती बरोबर आहे, तो इन्फ्रारेड उजेड फेकतो आणि तो कॅमेऱ्याला दिसतो. रेडिओलहर कॅमेऱ्याला कशी दिसायची?

मुलगा चावी घेऊन एका सर्व्हिस सेंटरला जाऊन आला होता. त्याला सांगितलं गेलं, "सर, की रिपेअर होत नाही, रिप्लेसच करावी लागते." नवी चावी, तिचं कोडिंग, त्यासाठी गाडी आणि असलेल्या सगळ्या चाव्या जमा करायच्या, आकडा असा की ऐकूनच तो परत फिरला. काउंटरवरच्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला चावी उघडायला कुणी शिकवलेलंच नाही, बिल करायला शिकवलंय. पण पट्टीला तडा गेलाय की सर्किट जळलंय हे न बघताच आख्खी वस्तू भंगारात काढायची, ही कामाची पद्धत मला पटत नाही. आमच्याकडं पाण्याची मोटर बंद पडली की आधी फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल बघतात. पहिल्याच दिवशी नवी मोटर कुणी आणत नाही.

रविवारी पाट पुढ्यात घेऊन बसलो. खाली पांढरा कपडा अंथरला, कारण अशा चाव्यांत काही वेळा ती चिप सर्किटवर नसते. कोळशाच्या कपचीएवढा काळा तुकडा नुसताच कवचात बसवलेला असतो. तो उडून हरवला तर दारं उघडतील, गाडी सुरू होणार नाही. पातं उडून बाहेर येणाऱ्या चावीत स्प्रिंगही असते, तिच्यावर अंगठा ठेवायचा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून खाचेत घातला, हलकेच फिरवला, कवच उघडलं.

आधी सेल. मीटरवर बरोबर तीन व्होल्ट. पण नुसत्या मीटरवर विश्वास ठेवायचा नसतो, दमलेला सेलही भार नसताना तीन दाखवतो. बटण दाबून धरायचं आणि आकडा किती खाली बसतो ते बघायचं. जेमतेम हलला. सेल निर्दोष. मग ओल. पावसाळ्यात, घामाच्या खिशात राहून पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते. ती असती तर खोडरबरानं घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काम झालं असतं. पट्ट्या लख्ख होत्या.

मग भिंग घेतलं. सेलला खालून टेकणाऱ्या पट्टीचे पाय सर्किटला सोल्डरनं जोडलेले असतात. त्यातल्या एका पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसली. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेग पडते तशी, पण भिंगाखालीच दिसेल एवढी. लाकडी दातकोरणीनं पट्टी दाबली, बटण दाबलं: दिवा लागला. दातकोरणी उचलली: विझला. पुन्हा दाबली, पुन्हा लागला. नातू शेजारी बसून टाळ्या पिटत होता.

मग घरातल्या तोडग्यांचा उलगडा झाला. सूनबाई चावी पिळायच्या तेव्हा पाय जागेवर टेकायचा आणि रिमोट चालायचा. त्यांची पिळण्याची रीत हीच खरी खूण होती, आम्ही तिला सवय समजलो. आणि त्याच पिळण्यानं, मुलाच्या मांडीवरच्या आपटण्यानं ती भेग रोज थोडी रुंद होत होती. त्यात चावीच्या कडीला मोटरीच्या खोलीचं, फाटकाचं, गोठ्याचं अशा सगळ्या कुलपांच्या किल्ल्या. हल्लीचं शिसं नसलेलं सोल्डर जुन्यापेक्षा कडक, ते धक्का सोसत नाही.

माझ्याकडची सोल्डरिंग गन जाड वायरींसाठीची. तिनं शेजारचे सुटे भागही विरघळले असते. म्हणून बारामतीत एका मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर गेलो. पंचविशीतला पोरगा होता. त्यानं सेल बाजूला आहे ना हे आधी पाहिलं. लिथियम सेल जागेवर ठेवून तापवला तर फुटू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली फ्लक्स लावलं, तांब्याच्या जाळीनं जुनं सोल्डर शोषून घेतलं आणि ताज्याचा चकचकीत डाग दिला. दुसरा पाय चांगला होता, त्यालाही दिला. "काका, एक सुटला की दुसऱ्यावर भार येतो." हे वाक्य आमच्या कारखान्यात मी नव्या पोरांना सांगायचो. दीडशे मागितले, मी दोनशे दिले.

घरी शंका निघाली की सेल इतका वेळ बाहेर होता, तर चावी गाडीला विसरली असेल. नाही विसरत. ओळखीचा आकडा सेल नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत असतो. निरोपात जाणारा आकडा दर दाबाला बदलतो, म्हणजे चोरानं हवेतून पकडलेला निरोप पुन्हा वापरता येऊ नये. कीलॉक नावाची यातली गाजलेली पद्धत दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि 1995 साली मायक्रोचिप या अमेरिकी कंपनीनं विकत घेतली. तिच्यात चावी साधारण 16 दाब पुढं गेली तरी गाडी चालवून घेते; त्याहून पुढं गेली तर लागोपाठ दोनदा दाबावं लागतं. नातवानं माजघरात बसून बटणं दाबदाब दाबली तरी म्हणून फार बिघडत नाही.

मुलगा आता मांडीवर आपटत नाही, जड किल्ल्यांचा जुडगा वेगळा झाला आहे, आणि दुसरी चावी कपाटातून निघून सूनबाईंच्या पर्समध्ये गेली आहे. दुसरी चावी चालती असेल तरच दोष चावीत की गाडीत हे घरबसल्या कळतं, म्हणून ती अधूनमधून वापरात ठेवा.

आणि काढलेला जुना सेल टेबलावर टाकून उठू नका. रिमोटला तो संपलेला असतो, पोटात जाऊन जखम करण्याएवढा जिवंत असतो. मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत खोल भाजल्यासारखी जखम होते. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाताबाहेर ठेवा. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायला जाऊ नका, वाट बघत बसू नका. मुलाला उचला आणि एक्स-रेची सोय असलेला दवाखाना गाठा.