नाव मोठे, रांग मोठी

पुण्यातली जी उपाहारगृहे बाहेरगावच्या पाहुण्याला हमखास दाखवली जातात, त्यांच्याचविषयी ‘एवढं काय आहे तिथे?’ हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. नारायण पेठेतली बेडेकरांची मिसळ, फर्ग्युसन रस्त्यावरचे वैशाली, डेक्कनवरचे गुडलक ही त्यातली ठळक नावे. यांपैकी कोणतेही बंद पडण्याच्या वाटेवर नाही, रविवारी तर सगळीकडे ताटकळावे लागते. तरी उठून जाणाऱ्यांत नाराज माणसेही पुष्कळ असतात. त्यांची नाराजी नुसती चोखंदळपणाची म्हणून झटकून टाकता येत नाही, आणि जशीच्या तशी मान्यही करता येत नाही.

मिसळीपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण भांडण तिथेच सर्वांत जुने आहे. बेडेकर १९४८पासूनचे. त्यांची मिसळ पेठी वळणाची. बशीत पोहे, बटाट्याची भाजी, चिवडा, शेव, त्यावर आंबटगोडाकडे झुकणारा रस्सा आणि सोबत ब्रेडचे स्लाइस. कोल्हापूरच्या माणसाला मिसळ म्हटले की मटकीची उसळ आणि डोळ्यांतून पाणी काढणारा लालभडक कट एवढेच ठाऊक असते. पोहे आणि बटाटा त्याच्या लेखी भेसळच. ठाण्याच्या मामलेदार कचेरीजवळची मिसळ खाऊन वाढलेल्याला पावाऐवजी स्लाइस दिसला तरी खट्टू व्हायला होते, आणि नाशिककराला काळ्या मसाल्याचा वास न येणारा रस्सा अर्धवट वाटतो. म्हणजे पहिला घास तोंडात जाण्याआधीच अर्धा निकाल लागलेला असतो. पेठेतल्या मिसळीला ‘गोडच आहे’ म्हणून नापास करणे हे श्रीखंडात मीठ नाही अशी तक्रार करण्यासारखे आहे. पण दोष पेठेचाही आहे. ‘महाराष्ट्रातली सर्वोत्तम मिसळ’ असे कौतुक ऐकून माणूस येतो, आणि त्याला मिळते ती फार तर ‘या तऱ्हेची उत्तम मिसळ’. हा फरक आधी कोणी सांगत नाही.

नाराजीचे दुसरे कारण वेळेचे आहे, आणि ते स्वयंपाकघरातले असल्यामुळे गिऱ्हाइकाला दिसत नाही. मटकी रात्रभर भिजवून, मोड आणून सकाळी उसळ शिजते. सुके खोबरे, कांदा, लसूण भाजून वाटलेला मसाला भरपूर तेलात परतून रस्सा उकळला की तेल वर येते. ती तर्री. मसाल्याचा रंग आणि झणका या वरच्या थरात उतरलेला असतो. सकाळच्या पहिल्या बशांना तो पळीभर मिळतो. दहानंतर गर्दी वाढली, प्रत्येक टेबलावरून ‘अजून रस्सा’ सुरू झाले, की पातेल्यात गरम पाणी पडण्याचा मोह कोणत्याही आचाऱ्याला होतो. तर्री सरते आणि खालचा पातळ भाग उरतो. त्यात फरसाणाचे गणित वेगळेच. कुरकुरीत शेवेवर गरम रस्सा पडल्यापासून मिनिटा-दोन मिनिटांत तिचा लगदा होतो, आणि फोटो काढण्यात तेवढा वेळ सहज जातो. साडेआठला खाऊन गेलेला आणि बाराला रांगेतून आत शिरलेला, दोघेही एकाच हॉटेलाविषयी बोलत असतात, पण त्यांनी एकच पदार्थ खाल्लेला नसतो.

जुनी मिसळवाली हॉटेले दुपारीच आटोपतात, तेही यामुळेच. सकाळी शिजवलेले संपले की संपले. बाहेरचा माणूस याला पुणेरी तोरा म्हणतो. तो तोरा नव्हे, पण त्या जोडीने जो तुसडेपणा चालतो त्याला मात्र कोणत्याही पातेल्याचे कारण देता येणार नाही. खाणे संपण्याआधी बिल आदळणे, जादा स्लाइस मागितला की कपाळाला आठ्या घालणे, भिंतीवर सूचनांच्या पाट्याच पाट्या लावणे या गोष्टींना परंपरा म्हणून गोंजारण्याची सवय पुणेकरांनी आता सोडायला हरकत नाही.

वैशालीची गोष्ट निराळी. कर्नाटकातल्या किनारपट्टीवरून पुण्यात आलेल्या जगन्नाथ शेट्टी यांनी ते नावारूपाला आणले. आधीचे नाव मद्रास हेल्थ होम. त्याच रस्त्यावरचे रूपालीही त्यांचेच. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत पुण्याला डोसा आणि फिल्टर कॉफी अपूर्वाईची होती. फर्ग्युसनमधले विद्यार्थी, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये येणारे-जाणारे, नाटकवाले, पत्रकार, पुढे निवृत्त मंडळी यांनी तिथे अड्डे जमवले. मागच्या बाजूच्या झाडांखालच्या टेबलांवर एका कॉफीत तासभर बसता येई, आणि वेटरला ठरावीक गिऱ्हाइकाची ठरावीक ऑर्डर पाठ असे. म्हैसूर मसाला डोसा आणि शेव-बटाटा-दही-पुरी, म्हणजे तिथल्या भाषेत ‘एसपीडीपी’, यांची कीर्ती त्या बैठकींबरोबर पसरली.

आज पहिल्यांदा येणाऱ्याला यातले काही मिळत नाही. दाराशी नाव लिहून द्यायचे, पुकारा होईपर्यंत फुटपाथवर थांबायचे, आत गेल्यावर पुढच्या माणसाची नजर पाठीवर झेलत खायचे. त्याच्यापुढे उरतो तो फक्त डोसा. आणि डोसा आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. लोण्याचा दावणगेरे डोसा, तुपाची पोडी इडली देणारी दुकाने पुण्याच्या उपनगरांतही झाली आहेत. त्यांच्याशी एकास एक तुलना केली तर वैशालीचा डोसा चांगला ठरतो, थोर नाही. जुने गिऱ्हाईक हे ऐकून चिडते, कारण त्याच्या जिभेवर डोशाबरोबर चाळीस वर्षांच्या गप्पाही असतात. नव्याला त्या बिलात लावून मिळत नाहीत. शेट्टी यांचे २०२३ साली निधन झाले. हॉटेल आणि त्याच्यासमोरची गर्दी तशीच आहे.

१९३५पासूनच्या गुडलकचेही थोडेफार असेच. बन-मस्का आणि चहा हा मुळात स्वस्तातला, घाईचा खाऊ. पाव ताजा असावा, लोणी सढळ असावे, चहा दाट असावा, याहून त्यात जादू शोधू नये. अर्धा तास रांग लावून जो त्याची वाट पाहतो त्याचा हिरमोड ठरलेला आहे, कारण अर्धा तास वाट पाहण्याजोगा तो पदार्थच नाही.

मुंबईतली दोन उदाहरणे याला जोडून पाहण्यासारखी आहेत. बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३चे. तिथला बेरी पुलाव बिर्याणीच्या अपेक्षेने मागवणारे पुष्कळ. इराणी झरेश्कची आंबट फळे, सौम्य भात आणि बेताचा मसाला पाहून ‘एवढ्या पैशात हा साधा भात?’ असे त्यांना वाटते. तिथे आणखी एक आकर्षण होते. मालक बोमन कोहिनूर वयाच्या नव्वदीतही टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांशी गप्पा मारत. २०१९ साली ते गेले. पुलाव बदलला नाही असे धरले, तरी जेवणाचा एक भाग कमी झाला, आणि किंमत मात्र पूर्ण जेवणाची वाटत राहिली. दादरच्या आस्वादचे उलटे झाले. २०१५ साली लंडनमध्ये फूडी हबच्या पुरस्कारांत तिथल्या मिसळीला जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरवले गेले. तोवर ती दादरकरांची सोयीची, बेताच्या तिखटाची, घरगुती मिसळ होती. ‘जगात पहिली’ हे बिरुद तिच्या डोक्यावर बसताच प्रत्येक नवा माणूस जगात पहिले काहीतरी खायला येऊ लागला. एवढा भार कोणतीच मटकी पेलू शकत नाही.

खरी घसरण कुठेच नाही असे मात्र नव्हे. ती ओळखायची जागा म्हणजे शाखा. एका कढईवर आणि एका घरावर उभे राहिलेले नाव हमरस्त्यावर, मॉलमध्ये, दुसऱ्या शहरात लागते, मसाला एका ठिकाणी दळून पिशव्यांतून रवाना होतो, आणि रस्सा ढवळणाऱ्याने मूळ दुकान पाहिलेलेही नसते. तिथली तक्रार अपेक्षेची नसते, ती पदार्थाचीच असते. दुसरी खूण लांबलेल्या यादीची. मिसळीच्या दुकानात पावभाजी, पिझ्झा डोसा आणि चायनीज भेळ दिसू लागली, की मिसळीकडे मालकाचे लक्ष उरलेले नाही असे समजायला हरकत नाही.

तेव्हा निवाडा असा : रविवारी अकरा वाजता तासभर उन्हात उभे राहावे इतके चांगले यातले एकही हॉटेल नाही. आडवारी सकाळी, उघडल्या उघडल्या, ज्या एका पदार्थासाठी नाव झाले तेवढाच मागवून खाल्ला, तर मूळ दुकाने अजून पैसे वसूल करून देतात. शाखांच्या वाटेला जाऊ नये.